सीमाभागातील विद्यापीठ विभागात माहिती व्यवस्थापनाची प्रयोगशाळा कशी उभारावी

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या विभागाला प्रयोगशाळा मंजूर झाली की बहुतेक ठिकाणी एकच क्रम घडतो. आधी संगणकांची संख्या ठरते, मग दरपत्रके मागवली जातात, मग खोली शोधली जाते, आणि नारळ फुटून पाहुणे परतल्यानंतर या यंत्रांवर नेमके काय शिकवायचे याचा विचार सुरू होतो. बेळगाव, निपाणी, चिकोडी किंवा अथणी परिसरात पदव्युत्तर वर्ग चालवणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा असे मी सुचवीन. आपल्या हाताशी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या नोंदी, दोन भारतीय लिप्या, आणि एकाच गावाची चार-चार रूपे असलेले कागद आहेत. माहिती व्यवस्थापन शिकवायला याहून चांगली सामग्री विकत मिळत नाही, म्हणून यंत्रे या सामग्रीच्या गरजेप्रमाणे घ्यावीत.

दोन सर्व्हर, एक खोली

पहिला निर्णय अध्यापनाची आणि संशोधनाची यंत्रणा वेगळी ठेवण्याचा घ्यावा. खोली एकच असली तरी चालते, सर्व्हर मात्र दोन हवेत. शिकाऊ विद्यार्थ्याने कोहा या ग्रंथालय चालवण्याच्या मुक्त संगणकप्रणालीचा डेटाबेस चुकून पुसला, अनुक्रमणिका बिघडवली, देवघेवीचे नियम उलटेसुलटे केले, की त्याला ती प्रणाली आतून कळू लागते. संशोधकाने दोन वर्षे गोळा केलेल्या नोंदींना मात्र कोणाचा चुकूनही धक्का लागता कामा नये. मी ज्या विभागात काम करत होतो तेथे सुरुवातीला एकच सर्व्हर होता आणि ती आमची काटकसर म्हणून आम्ही मिरवत असू. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सरावाला बसलेल्या एका विद्यार्थ्याने जुना डेटाबेस काढून नवा तयार केला, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि त्याच यंत्रावर ठेवलेल्या एका संशोधक विद्यार्थिनीच्या तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. विद्यार्थ्याला कोणी बोलले नाही. त्याच्या हाती तेवढे अधिकार ठेवणारे आम्हीच होतो.

अध्यापनाच्या सर्व्हरसाठी १६ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप पुरतो. त्यावर डेबियन किंवा उबुंटू ही मुक्त प्रणाली बसवावी, कोहा एका आभासी यंत्रात (संगणकाच्या आतच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) चालवावे, आणि सर्व काही नीट चालू असलेल्या स्थितीचा स्नॅपशॉट, म्हणजे पुन्हा जशीच्या तशी आणता येणारी प्रत, घेऊन ठेवावा. एकाच कोहा सर्व्हरवर अनेक स्वतंत्र ग्रंथालये निर्माण करता येतात. वीस जणांच्या तुकडीचे चार-चार जणांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक ग्रंथालय द्यावे. शनिवारी संध्याकाळी स्नॅपशॉट परत लावला की सोमवारी पाटी कोरी असते. ज्या दिवशी काहीच मोडले नाही त्या दिवशी शिक्षकाने स्वतः काहीतरी मोडून ठेवावे आणि गटांना ते शोधायला लावावे.

संशोधनाच्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांच्या तुकडीला प्रवेश नसावा. त्यात आरशासारख्या चालणाऱ्या दोन डिस्क असाव्यात, परंतु त्याला बॅकअप समजू नये, कारण एका डिस्कवरून पुसलेली फाईल त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसली जाते. तीन प्रती, दोन निराळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत, हा जुना नियम येथे पाळावा. दुसरी इमारत म्हणून विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय सोयीचे पडते. दर तीन महिन्यांनी एक फाईल बॅकअपमधून खरोखर परत काढून पाहावी. हे काम कंटाळवाणे असल्याने ते कोणाच्या तरी नावावर लिहून द्यावे लागते.

कोणत्या नोंदींवर शिकवावे

कोहाचा जन्म न्यूझीलंडमधला. होरोव्हेनुआ भागातील ग्रंथालयांसाठी ते १९९९ मध्ये तयार होऊ लागले आणि २००० च्या आरंभी वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. या प्रणालीत परदेशी ग्रंथालयांतून तयार मार्क नोंदी (संगणकाला वाचता येतील अशा, क्रमांकांच्या क्षेत्रांत मांडलेल्या पुस्तकनोंदी) एका कळीसरशी उतरवता येतात, आणि तेथेच शिकवण्याची पहिली चूक होते. तयार नोंद उतरवणारा विद्यार्थी पडदे ओळखायला शिकतो, पण तालिकीकरण, म्हणजे पुस्तकाची नोंद स्वतः तयार करणे, शिकत नाही. पहिले सत्रभर परदेशी नोंदी उतरवण्याची सोय बंद ठेवावी आणि आपल्याच परिसरातील पुस्तके टेबलावर आणावीत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे, आणि गावोगावच्या वाचनालयांतही जुनी मराठी पुस्तके, स्मरणिका, जत्रेच्या अहवालवह्या पडून असतात. ग्रंथपालांना भेटून रीतसर विनंती केली तर पन्नास पुस्तके महिनाभरासाठी सहसा मिळतात.

पहिला अभ्यास वर्गीकरणाचा द्यावा. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ वर जाते, कारण एक भाषा भारतीय-आर्य गटातली आणि दुसरी द्राविडी. बोलताना एका वाक्यात मिसळणाऱ्या या भाषा फडताळावर अशा दूर जातात. त्यातही कन्नडमधून मराठीत आलेल्या कादंबरीचे काय करायचे? ड्यूईच्या रीतीने अनुवाद मूळ भाषेच्या साहित्यात बसतो, म्हणून ती ८९४.८१४ वर जाईल, आणि खानापूरचा मराठी वाचक ती मराठीच्या फडताळात शोधत राहील. येथे मार्कमधील ०४१ हे क्षेत्र उपयोगी पडते: त्यात पुस्तकाची भाषा आणि मूळ भाषा स्वतंत्र संकेतांनी नोंदवता येते, त्यामुळे जागा कोठेही असली तरी मराठीत वाचता येणारी सर्व पुस्तके शोधातून बाहेर काढता येतात. दुभाषिक स्मरणिकेसाठी ८८० हे क्षेत्र शिकवावे, ज्यात तेच शीर्षक दुसऱ्या लिपीत मूळ क्षेत्राशी जोडून लिहिता येते. ही दोन क्षेत्रे नीट समजली तर बाकीचे पुस्तकातून वाचून येते.

दुसरा अभ्यास नावांचा, आणि त्याला मी सर्वांत जास्त तास देईन. जुन्या छापील पुस्तकांत ‘बेळगांव’ असे अनुस्वारासह दिसते. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम शासनमान्य झाल्यानंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि ‘बेळगाव’ रूढ झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, आणि इंग्रजी कागदांत ‘बेलगाम’ची वेगळीच परंपरा आहे. प्राधिकृत नोंदीत (एकाच नावाची सर्व रूपे जोडणाऱ्या नोंदीत) एक रूप १५१ क्षेत्रात आणि बाकीची सर्व ४५१ मध्ये ‘पहा’ संदर्भ म्हणून द्यावी लागतात. कोणते रूप मुख्य, हा प्रश्न निघाला की वर्गातली चर्चा सीमाप्रश्नाकडे वळते आणि आपल्याकडे ती वळणारच. तिला दहा मिनिटे द्यावीत. नंतर विद्यार्थ्यांना दाखवावे की ग्रंथालयाने स्वीकारलेल्या प्रमाणकाप्रमाणे मुख्य रूप कोणतेही असो, वाचकाने कोणतेही रूप टंकले तरी तो त्याच पुस्तकांपाशी पोचतो की नाही एवढेच तालिका पाहते.

याच्या उलट कोडे खानापूरचे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुका आहे आणि सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे. शहापूर हा बेळगाव शहराचा भाग, पण ठाणे आणि यादगीर जिल्ह्यांतही त्याच नावाचे तालुके आहेत. येथे अक्षरे तंतोतंत सारखी असूनही गावे वेगळी आहेत, त्यामुळे नावापुढे जिल्हा लावल्याशिवाय गत्यंतर नाही. ओपनरिफाईन या नोंदी साफ करण्याच्या मुक्त साधनातील सारख्या नावांचे गट पाडण्याची सोय ‘बेळगांव’ आणि ‘बेळगाव’ जवळजवळ आणून देईल, खानापूरचा घोळ मात्र तिला दिसणारही नाही. म्हणून यंत्राने सुचवलेले एकत्रीकरण डोळे मिटून मान्य करणाऱ्याचे गुण कापावेत.

अक्षरांच्या आतले काम

युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीचा, तास येथे टाळता येत नाही. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही लिहिता येते, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण साध्या तुलनेत संगणकाला ते वेगळे वाटतात, आणि ‘सुऱ्या’ शोधणाऱ्याला निम्मी पुस्तके सापडत नाहीत. सर्व नोंदी आयात करण्यापूर्वी एनएफसी या प्रमाणित रूपात आणण्याची सवय लावावी. कोहामध्ये झेब्रा शोधयंत्र वापरत असाल तर त्याच्या मांडणीत आयसीयू हा युनिकोड मजकूर नीट हाताळणारा पर्याय निवडून संपूर्ण अनुक्रमणिका पुन्हा बांधावी. हे केले नाही तर देवनागरी आणि कन्नड शब्दांचा शोध भरवशाचा राहत नाही, आणि दोष टंकलेखकाचा आहे असे सगळ्यांना वाटत राहते.

अकारविल्हे लावण्याचाही एक तास घ्यावा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि कन्नड वर्णमालेतही तसाच, पण युनिकोडच्या संकेतांकांत तो ‘ल’च्या लगेच मागे बसवलेला आहे. नुसत्या संकेतांकांप्रमाणे लावलेली लेखकसूची म्हणूनच जुन्या ग्रंथपालांना खटकते, आणि त्यांचे खटकणे बरोबर असते. टंकनासाठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची समान कळरचना शिकवावी. सुरुवातीला विद्यार्थी कुरकुरतात. परंतु इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ची कळ मराठीत आणि कन्नडमध्ये एकच असल्याने मराठीवर हात बसलेला विद्यार्थी कन्नड शीर्षक पाहून टंकू शकतो. मराठी आणि कन्नड विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्यात. एकाने वाचावे, दुसऱ्याने टंकावे, मग अदलाबदल. कन्नडमधले ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ मराठी कानाला चटकन कळत नाहीत, ते जोडीदाराकडूनच कळतात.

जुन्या फॉन्टमधील याद्या हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. युनिकोडपूर्वी तयार केलेल्या मराठी याद्या बहुधा खासगी फॉन्टमध्ये असतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडल्या की रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. एका खेड्यातील वाचनालयाची अशी यादी आमच्याकडे पेन ड्राईव्हवर आली. टंकणारा माणूस गाव सोडून गेला होता आणि फॉन्टचे नाव कोणाला आठवत नव्हते. दाखल क्रमांकांचा रकाना तेवढा शाबूत होता. वाचनालयाची कागदी दाखल नोंदवही कपाटात होती, म्हणून क्रमांक जुळवून एकेक शीर्षक ओळखता आले आणि त्यावरून फॉन्टची अक्षरजुळणी उलगडली. असे रूपांतर करताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये दिसते तशी अक्षराआधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. आणि रफार नेमका याच्या उलट दिशेने हलवावा लागतो. ‘वार्षिक’, ‘कीर्ती’, ‘विद्यार्थी’ असे शंभरेक शब्द आधी रूपांतरित करून तपासावेत, त्यानंतरच पूर्ण यादी हाती घ्यावी.

स्कॅनिंग आणि अक्षरओळख

पुस्तक उताणे ठेवून वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर घ्यावा. काचेवर पालथे दाबल्यावर जुन्या पुस्तकांच्या शिवणी उसवतात. छापील मजकुराला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरते, वर्तमानपत्राच्या बारीक टायपाला ४०० ठेवावे. साठवणुकीचा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा: ए-४ आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयला, न दाबता टिफ स्वरूपात, साधारण २६ एमबी होते, म्हणजे दोनशे पानांचे पुस्तक ५ जीबीच्या वर जाते. करडा रंग घेतला तर आकार एकतृतीयांशावर येतो. हा हिशेब न करता एक टीबीची डिस्क घेणाऱ्या विभागाची जागा पहिल्या वर्षातच संपते. मूळ टिफ प्रतीला हात लावू नये, तिचा चेकसम (फाईल बदलली की नाही ते दाखवणारा आकडा) काढून ठेवावा, आणि वाचकांसाठी वेगळी हलकी प्रत तयार करावी. संग्रहासाठी डीस्पेस बसवावे. एमआयटीच्या ग्रंथालयांनी आणि एचपीने मिळून २००२ मध्ये आणलेली ही प्रणाली आपल्या प्रबंधांच्या शोधगंगा या संग्रहामागेही आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला नोकरीतही ती भेटते.

कोणतेही पुस्तक सार्वजनिक करण्यापूर्वी हक्क (कॉपीराइट) तपासावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. १९६० मध्ये निधन झालेल्या लेखकाचे लेखन २०२० अखेरपर्यंत संरक्षित होते. अनुवादकाचा हक्क स्वतंत्र मोजावा लागतो, आणि सीमाभागातल्या अनुवादित पुस्तकांत नेमके हेच विसरले जाते.

अक्षरओळखीसाठी, म्हणजे चित्रातला मजकूर यंत्राने वाचण्यासाठी, टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी आणि कन्नड दोन्ही वाचते. खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा तुटलेली असते, अनुस्वार पुसट असतो, त्यामुळे चुका होतात. त्या किती होतात ते मोजायला शिकवणे हा प्रयोगशाळेचा खरा विषय. वीस पाने हाताने अचूक टंकून घ्यावीत, यंत्राच्या वाचनाशी त्यांची तुलना करावी, आणि बदललेली, गळलेली व जादा अक्षरे मोजून त्यांना एकूण अक्षरांनी भागावे. ‘क्षि’ हे डोळ्याला एक अक्षर असले तरी युनिकोडमध्ये चार संकेतांक आहेत, म्हणून मोजणी कशाची केली हे अहवालात लिहिलेच पाहिजे. जुन्या मजकुरातले ‘कांहीं’ यंत्राने ‘काही’ वाचले तर तीही चूकच धरावी. आजच्या वाचकासाठी शोधात दोन्ही रूपे जोडण्याचे काम नंतरचे आहे. मोडी कागद मिळाले तर त्यांच्या प्रतिमा घेऊन देवनागरीत नोंद करावी आणि वाचनासाठी मोडी जाणकार गाठावा.

संशोधनाची बाजू

संशोधक विद्यार्थ्यांना व्हीओएसव्ह्यूअर (लेखांमधील संबंधांचे नकाशे काढणारे), झोटेरो (संदर्भ साठवणारे) आणि लेखांच्या नोंदींची निर्देशिका ओपनअॅलेक्स ही विनामूल्य साधने शिकवावीत, पण संदर्भमापनाचा (कोण कोणाचा संदर्भ देते ते मोजण्याचा) प्रबंध मराठी नियतकालिकांवर असेल तर आंतरराष्ट्रीय निर्देशिकांत त्यांची नोंद फार अपुरी असते हे पहिल्याच बैठकीत सांगावे. मार्गदर्शक हे सांगत नाहीत आणि मग सहा महिन्यांनी विषय बदलावा लागतो. अशा विषयात संदर्भ हाताने गोळा करावे लागतात, त्यासाठी रकान्यांचा साचा आधी ठरवून तीन जणांनी तेच वीस लेख स्वतंत्रपणे नोंदवावेत आणि कोठे मतभेद झाले ते पाहावे.

वाचकांच्या अभ्यासात अधिक जपावे लागते. देवघेवीच्या नोंदींतून कोणी काय वाचले ते कळते, आणि लहान गावात सभासद क्रमांक पुसूनही माणूस ओळखता येतो. दुग्धव्यवसायाची पुस्तके, स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि एक विशिष्ट मासिक नेणारा त्या गावात एकच असतो. म्हणून नाव-क्रमांकांऐवजी संकेत वापरावेत, संकेतांची किल्ली वेगळ्या यंत्रावर ठेवावी, आणि अहवालात गावापेक्षा तालुक्याचे आकडे द्यावेत. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तो वर्गात वाचून घ्यावा. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये छापावे, आणि कन्नड मजकूर कन्नड घरातील विद्यार्थ्याकडूनच तपासून घ्यावा.

आरएफआयडीबद्दल (पुस्तकातला टॅग रेडिओलहरींनी ओळखण्याच्या पद्धतीबद्दल) थोडेच: शिकवण्यासाठी १३.५६ मेगाहर्ट्झचे एक वाचक-यंत्र आणि मूठभर टॅग पुरतात, दारातले महागडे फाटक घेऊ नये.

वीज, पाऊस आणि दारावरची वही

यंत्रे आल्यावर आपल्याकडचा खरा शत्रू पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली ओल स्कॅनरच्या भिंगावर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी आणते. खोली पहिल्या मजल्यावर घ्यावी, आर्द्रतामापक लावावा, भिंगे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत, आणि बाहेरून आणलेली पुस्तके आठवडाभर वेगळ्या कपाटात ठेवून वाळवी आणि कसर पाहूनच आत घ्यावीत. एप्रिल-मेच्या वळवात विजा पडतात. भूसंपर्कन (अर्थिंग) त्याआधी तपासून घ्यावे. दोन इमारतींमधली जोडणी तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशीय तंतूची करावी, म्हणजे विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जात नाही. यूपीएसवर सर्व्हर आणि स्विच ठेवावेत, विद्यार्थ्यांची सगळी यंत्रे ठेवण्याचा मोह टाळावा. वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद होतो की नाही हे एकदा मुद्दाम मुख्य बटण बंद करून पाहावे.

दारापाशी एक जाड वही टांगावी आणि तिच्यात रोजची नोंद हाताने, मराठी, कन्नड किंवा इंग्रजी जी येईल त्या भाषेत करावी: काय बिघडले, कोणी काय बदलले, स्नॅपशॉट कधी परत लावला. पासवर्ड वहीत लिहू नयेत, ते मोहोरबंद पाकिटात विभागप्रमुखांकडे असावेत. आपल्याकडे प्रयोगशाळा साहाय्यक बहुधा कंत्राटी असतो आणि वर्षअखेरीस बदलतो, म्हणून वहीचा शेवटचा रकाना नव्या माणसासाठी राखावा: कोणते काम अर्धवट आहे, आणि ते कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले आहे.